रेडिओहेडचा 'इन रेनबोज': किमतीची गोष्ट पुरे, आता गाणी ऐका

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या 'इन रेनबोज' या अल्बमचा विषय निघाला की सगळे आधी पैशांवर बोलतात. ते खरंही आहे म्हणा, कारण 2007 च्या ऑक्टोबरमध्ये जे झालं ते तोवर एवढ्या मोठ्या बँडनं केलं नव्हतं. 2003 च्या अल्बमनंतर त्यांचं ईएमआय या रेकॉर्ड कंपनीबरोबरचं काँट्रॅक्ट संपलेलं, नवीन कंपनी धरलीच नाही, 1 ऑक्टोबरला गिटारिस्ट जॉनी ग्रीनवूडनं बँडच्या साइटवर चार ओळी टाकल्या की अल्बम तयार आहे, दहा दिवसांत येतोय, आणि 10 तारखेला आला पण. डाउनलोड ऑर्डर करताना किमतीच्या जागी रिकामा चौकोन, तुम्हाला वाटेल तो आकडा टाका, शून्य टाकलं तरी चालेल. ज्यांना हातात धरायला काही हवं त्यांच्यासाठी 40 पौंडांचा डिस्कबॉक्स वेगळा, त्यात रेकॉर्ड्स, सीडी आणि जास्तीची आठ गाणी असलेली दुसरी डिस्क.

मी तेव्हा पुण्यात होस्टेलवर होतो, क्रेडिट कार्ड घरात कुणाकडेच नव्हतं, म्हणून मी शून्य टाकलं. कॅफेमध्ये बसून पन्नासेक एमबीची झिप फाइल उतरवली, मधे एकदा लाइन तुटली, परत पहिल्यापासून लावली, आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून रूमवर आलो. ते शून्य मला बरीच वर्षं टोचत राहिलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

पहिलं गाणं '15 स्टेप'. सुरुवातीला नुसती इलेक्ट्रॉनिक ठोक्यांची खटखट, आणि पाय धरायला जातो तो चुकतो, कारण चक्र पाच मात्रांचं आहे. आपल्याकडे झपताल ऐकलेल्याला हे लवकर सापडेल, चारात बसवायचा प्रयत्न सोडा आणि पाच मोजा, लगेच मान डोलायला लागते. मग जॉनीची गिटार इतकी हळुवार येते की खालच्या त्या खडबडीत ठोक्यांचं टोचणंच जातं. मधेच लहान मुलांचा ओरडा पण आहे, तो खराखुरा, ऑक्सफर्डमधल्या मुलांचा.

'न्यूड' हे गाणं त्यांच्याकडे 1997 च्या आसपासपासून पडून होतं, लाइव्ह वाजवायचे, पण रेकॉर्डिंगला जमेना. शेवटी बेसिस्ट कॉलिन ग्रीनवूडनं नवीन बेसलाइन रचली आणि गाणं मार्गी लागलं. हेडफोन लावून फक्त बेसच्या मागे जा एकदा. गायक थॉम यॉर्कचा आवाज वर तरंगत असतो आणि खाली बेस सावकाश, मोकळी जागा सोडत चाललेला असतो, कुठेही घाई नाही. दहा वर्षं थांबून केलेलं काम म्हणजे काय ते इथे कळतं. माझ्या मते कंपनी सोडल्याचा खरा फायदा हा आहे, पैशांच्या प्रयोगापेक्षा कितीतरी मोठा. 2005 पासून ते या अल्बमवर बसले होते, मधे दुसरा प्रोड्यूसर करून पाहिला, परत आपल्या जुन्या प्रोड्यूसरकडे, नायजेल गॉड्रिचकडे आले, इंग्लंडात विल्टशरमधल्या एका पडक्या हवेलीत रेकॉर्डिंग केलं, तिथे राहण्यासारखं नव्हतं म्हणून बाहेर कॅरव्हॅनमध्ये राहिले. तारीख गाठायची म्हणून कुठलंही गाणं अर्धं सोडलंय असं वाटत नाही.

'ऑल आय नीड'बद्दल जरा जास्त बोलणार आहे. गाणं चालतं ते जाड, घोगऱ्या सिंथ बेसवर, अंधाऱ्या खोलीत कुणी दबक्या आवाजात बोलावं तसं, आणि मधे ग्लॉकेनश्पीलचे, म्हणजे धातूच्या पट्ट्यांवर वाजवायच्या वाद्याचे, बारीक किणकिणते स्वर. जवळजवळ तीन मिनिटं असंच. मग पियानो आणि झांजा एकदम फुटतात. एका खोलीत बँड फुल आवाजात वाजवतो तेव्हा जो नुसता नाद भरून राहतो तो जॉनीला रेकॉर्डिंगमध्ये पाहिजे होता, म्हणून त्यानं तंतुवाद्यांच्या गटाकडून सप्तकातले सगळे स्वर एकाच वेळी वाजवून घेतले. हे मला नंतर वाचून कळलं, पण कळायच्या आधीही त्या जागी दरवेळी अंगावर काटा यायचा, आजही येतो.

'वियर्ड फिशेस' आणि 'रेकनर' ही माझी सगळ्यात लाडकी. पहिल्यात गिटारी एकमेकींत अशा गुंफल्यात की कुठली कुणाची सांगता येत नाही, आणि खाली फिल सेलवेचे ड्रम्स एकसारखे धावत राहतात. 'रेकनर' अर्ध्यावर थांबतं, फक्त आवाजांचे थर आणि तंतुवाद्यं उरतात, आणि तिथेच मागच्या आवाजात अल्बमचं नाव येतं. पहिल्या वेळी लक्षात येत नाही.

सगळंच सोनं आहे असं नाही म्हणणार. 'हाउस ऑफ कार्ड्स' मला साडेपाच मिनिटांचं नको वाटतं, आणि 'फाउस्ट आर्प' रंगात येईपर्यंत संपतं. 'बॉडीस्नॅचर्स' गाडीत मोठ्यानं लावायचं, घरात नाही. शेवटचं 'व्हिडिओटेप' वरवर अगदी सोपं, चार कॉर्ड्सचा पियानो, पण ड्रम्स आले की लक्षात येतं की सम आपण धरलीय तिथे नाहीच. मला अजूनही ती दर दोन वेळांत एकदा निसटते.

आता ते शून्य. डाउनलोड 160 केबीपीएसचं, म्हणजे जरा कमी दर्जाच्या आवाजाचं होतं आणि माझे हेडफोन दीडशे रुपयांचे, त्यामुळे 'न्यूड'चा बेस मी तेव्हा निम्माच ऐकला होता. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला मामेबहीण लंडनहून येणार होती, तिला सीडी आणायला सांगितली आणि पैसे आधी हातात दिले. पुठ्ठ्याचं पाकीट निघालं, आत डिस्क, गाण्यांचे शब्द आणि स्टिकर्स, की तुमची रिकामी केस घ्या आणि कव्हर स्वतः चिकटवा. मी एका जुन्या केसवर नीट मोजून लावलं, डावीकडे एक बुडबुडा राहिला तो अजून आहे.

सगळा अल्बम 43 मिनिटांच्या आत संपतो, एका बैठकीत ऐका, शफल नको. आवडलाच तर डिस्कबॉक्समधली ती दुसरी डिस्कही शोधा. तिच्यातलं 'लास्ट फ्लॉवर्स' ऐका, पियानो, गिटार आणि आवाज, बस. हे त्यांनी मुख्य दहात का घेतलं नाही ते मला आजवर उमगलेलं नाही.