मुलांसोबत सोलापुरात एकच दिवस : किल्ला, इंद्रभुवन, कोटणीस स्मारक की विज्ञान केंद्र?

सुट्टी लागली की बहिणीचा फोन येतोच. "दादा, सिद्धेश्वराचं दर्शन झालं की पोरांना कुठं नेऊ सांग." हातात एकच दिवस, वर सोलापूरचं ऊन, आणि तिचा थोरला बारा वर्षांचा तर धाकटी सहाची. दोघांना एकच जागा सारखी आवडत नाही, हे चार खेपांत कळलं. तिला दरवेळी फोनवर सांगतो तेच इथं लिहितो.

भुईकोट किल्ला देवळाच्या तळ्याला लागूनच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. बहमनी काळातला हा कोट, त्याला दुहेरी तट. १८१८च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेनं तो पेशव्यांकडून घेतला. पण सनावळीत मुलांचं मन रमत नाही, तटात रमतं. भिंतीच्या साध्या दगडांत मधेच जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेत. मी पोरांना सांगतो, असा दगड आधी कोण शोधतंय बघू! धाकटीसुद्धा तासभर कंटाळत नाही. मात्र उन्हाळ्यात नऊच्या आत पोचा. दहानंतर तटाजवळ उभं राहवत नाही.

इंद्रभुवनाला वीस मिनिटं पुरे. अप्पासाहेब वारदांनी हौसेनं बांधलेली ही वास्तू पुढं महापालिकेकडं आली. दर्शनी भागावरचं नक्षीकाम रस्त्यापलीकडून नीट दिसतं. लहान मुलांना इथं करण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो. थोरल्याला मात्र जरूर आणा आणि जवळच्या चार हुतात्मा चौकातही न्या. १९३० साली या शहरात नगरपालिकेवर तिरंगा लागला, मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. चौघांची नावं एका दमात सांगून बघा. त्यातून सोलापूर कसं गाव आहे ते मुलाला आपोआप समजतं.

माझ्या मनातली जागा मात्र भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस स्मारक. १९१० साली जन्मलेला हा सोलापूरचा मुलगा १९३८मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला, तिथंच राहिला, आणि १९४२च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेला. कोटणिसांचं राहतं घरच स्मारक केलंय, त्यामुळं काचेआडच्या वस्तू बघण्याआधी आपण त्यांच्या उंबऱ्यातून आत जातो. मागच्या खेपेला त्यांच्या मुलाचं नाव यिनहुआ होतं आणि त्यात यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन, असं सांगितल्यावर भाचा थबकला. "मामा, म्हणजे दोन्ही देश त्याच्या नावातच?" संध्याकाळी त्यानं ते नाव वहीत लिहून ठेवलेलं दिसलं. दहाच्या पुढच्या मुलांसाठी याच्या तोडीचं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांना मात्र वाचण्यासारखं फार आणि हात लावण्यासारखं कमी.

हात लावायची सगळी हौस केगावच्या विज्ञान केंद्रात फिटते. दांडा फिरवा, बटण दाबा, आरशात स्वतःला वाकडं बघा, कुणी ओरडत नाही. बाहेर मोकळ्यावर विज्ञान उद्यान आहे. पुणे रस्त्यावर, गावाबाहेर असल्यानं जाण्यायेण्यात वेळ आणि रिक्षाचे पैसे जातात. त्यामुळं तासाभरासाठी तिकडं जाऊ नका, निदान अडीच तास हाताशी ठेवा.

म्हणून सहा-सातच्या आतलं लेकरू असेल तर सकाळी किल्ला, मग थेट केगाव; दुपार छपराखाली जाते, तेही बरंच. मुलं मोठी असतील तर किल्ला, इंद्रभुवन, हुतात्मा चौक आणि कोटणीस स्मारक हे सगळं अर्ध्या दिवसात होतं, केगाव सोडलं तरी चालेल. दोन्ही वयांची असतील तर इंद्रभुवन गाडीतूनच दाखवा, पण कोटणिसांचं घर चुकवू नका. धाकटीला तेवढा वेळ कुणीतरी कडेवर घ्यावं. स्मारक आणि केंद्र त्या दिवशी उघडं आहे ना, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. आणि कडक भाकरी, शेंगाचटणी नि पाण्याच्या दोन बाटल्या घरूनच बांधून न्या.