काक्रापारचा दुसरा टप्पा : 700 मेगावॉटच्या संचांचे परीक्षण

भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत तापी उकाईच्या जलाशयात जाते आणि पुढे गुजरातमधील काक्रापारच्या अणुविद्युत केंद्राला तिचेच पाणी लागते. नवापूर ओलांडून व्यारा गाठले की हे केंद्र फार दूर नाही, आणि तेथील वीज महाराष्ट्रालाही मिळते. त्यामुळे या केंद्राच्या दुसऱ्या टप्प्याचे परीक्षण ग्राहक म्हणून करण्याचा हक्क खानदेशाला आहे, असे मी मानतो.

पहिल्या टप्प्यातील 220 मेगावॉटचे दोन संच 1993 आणि 1995 मध्ये सुरू झाले. दुसऱ्या टप्प्यात 700 मेगावॉटचे दोन संच उभे राहिले. त्यांचे पहिले काँक्रीट नोव्हेंबर 2010 मध्ये पडले. तिसरा संच जानेवारी 2021 मध्ये ग्रीडला जोडला गेला, परंतु व्यावसायिक वीजनिर्मितीसाठी जून 2023 उजाडले. चौथा संच मात्र फेब्रुवारी 2024 मध्ये जोडला गेला आणि 31 मार्चला व्यावसायिकरीत्या सुरूही झाला. टप्प्याटप्प्याने उभारणी करण्याचा खरा लाभ माझ्या मते याच फरकात आहे, कारण या आकाराचा देशातील पहिलाच संच असल्याने तिसऱ्याने जी ठेच खाल्ली, तिने चौथा शहाणा झाला. राजस्थानातील रावतभाट्याचा याच बनावटीचा सातवा संचही 2025 मध्ये सुरू झाला आहे.

बनावटीबाबत मी समाधानी आहे. औष्णिक केंद्रात पाळ्या केलेल्या माणसाला ठाऊक असते, की पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये, म्हणजे कोळशाच्या कोठीत, अडकला की संचाचा भार उतरवावा लागतो आणि सारी पाळी बंकर ठोकण्यात जाते. येथे नैसर्गिक युरेनियमच्या 37 कांड्यांची, सुमारे अर्धा मीटर लांबीची जुडी असते. अशा जुड्या 392 आडव्या नळ्यांत बसवलेल्या असतात आणि संच चालू असतानाच यंत्राने एका टोकाने नवी जुडी सारून दुसऱ्या टोकाने जुनी काढली जाते. इंधनासाठी संच बंद ठेवावा लागत नाही, ही सोय फार मोलाची आहे. अणुभट्टीच्या इमारतीला आतून पोलादी अस्तर आहे, आणि वीज गेली तरी उरलेली उष्णता पंपाविना काढून नेणारी व्यवस्था आहे.

किंमत मात्र जड आहे. दोन्ही संचांवर 22,500 कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला, आणि पहिल्या काँक्रीटपासून तिसऱ्या संचाच्या व्यावसायिक विजेपर्यंत साडेबारा वर्षे गेली. एवढ्या काळात मागणी कुठल्या कुठे जाते; दरम्यान शेतीपंपांना रात्रीची वीज मिळत राहते आणि केळीला पाणी देण्यासाठी शेतकरी अंधारात बांधावर उभा राहतो.

जुन्या टप्प्याकडे दुर्लक्ष करून नव्याचे कौतुक करणेही योग्य नाही. जून 1994 च्या अतिवृष्टीत टर्बाइनच्या इमारतीत पाणी शिरले होते, आणि मार्च 2016 मध्ये पहिल्या संचाच्या नळीतून जड पाण्याची, म्हणजे इंधनाची उष्णता वाहून नेणाऱ्या खास पाण्याची, गळती होऊन केंद्रात आणीबाणी जाहीर करावी लागली. नळ्या बदलून तो संच 2019 मध्ये पुन्हा सुरू झाला. नव्या संचांतही अशाच नळ्या आहेत, म्हणून त्यांच्या तपासणीत कसूर चालणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण. एक गुण विलंबासाठी कापला आहे. उरलेला अर्धा गुण मी राखून ठेवला आहे : गळतीसारखा प्रसंग पुन्हा आला, तर त्याची नेमकी माहिती नवापूरच्या तहसील कार्यालयात त्याच दिवशी, मराठीत पोहोचली, तर तोही देईन.