ॲडजस्टेबल कॉइलओव्हर: उंचीची रिंग फिरवण्याआधी काय तपासावं

कॉइलओव्हर संच, म्हणजे शॉक आणि त्याच्याभोवतीची स्प्रिंग मिळून उंची बदलता येणारा सस्पेन्शनचा संच, बहुतेक वेळा एका फोटोवर विकला जातो: टायर आणि मडगार्डमधली पोकळी नाहीशी झालेली गाडी. उंची कमी करणं हे या संचाचं सगळ्यात सोपं काम. स्वस्तातला संचही ते करतो. खरा पैसा शॉकच्या आतल्या व्हॉल्व्हिंगचा (तेलाचा प्रवाह आवरणाऱ्या झडपांचा), गाडीच्या वजनाला जुळणाऱ्या स्प्रिंगचा आणि चाकाला वर-खाली व्हायला शिल्लक राहणाऱ्या अंतराचा. म्हणून इथे संचांची पारख त्याच तीन गोष्टींवर केली आहे. दिसण्याला गुण दिलेले नाहीत.

आधी उंची बदलायची पद्धत बघा, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर ठरतं. केडब्ल्यू या कंपनीची व्हेरिएंट मालिका आणि बिल्स्टीनचे बी१४, बी१६ यांत शॉकच्या बॉडीवर आटे असतात आणि स्प्रिंगची बैठक त्यावर वर-खाली होते. बैठक ३० मिमी खाली घेतली की शॉकचा दांडा उभ्या गाडीतच ३० मिमी जास्त आत बसतो. खड्ड्यात चाक वर जायला तेवढंच अंतर कमी उरतं. बीसी रेसिंगचा बीआर किंवा टाइनचा फ्लेक्स झेड यांत अख्खी बॉडी तळाच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर फिरते, त्यामुळे उंची बदलली तरी शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दांड्याचा प्रवास, तसाच राहतो. कागदावर दुसरी पद्धत सरस वाटते, पण तिच्यात एक सापळा आहे. गाडी खूप खाली घेतली तरी शॉकमध्ये प्रवास भरपूर शिल्लक असतो. मग बम्पस्टॉपला (दांड्याचा प्रवास थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकण्याआधीच टायर आतल्या लायनरला किंवा मडगार्डच्या कडेला घासतो. पहिल्या पद्धतीत निदान बम्पस्टॉप आधी आडवा येतो. दुसऱ्या पद्धतीचा संच बसवताना स्प्रिंग काढून, चाक जॅकने बम्पस्टॉपपर्यंत वर नेऊन आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून जागा तपासलीच पाहिजे. हा अर्धा तास कोणी देत नाही. पुढे टायरची साइडवॉल कापली जाते.

या दुसऱ्या प्रकारात सर्रास होणारी चूक म्हणजे गाडी वर घ्यायला स्प्रिंगखालची रिंग घट्ट करणं. एका कोपऱ्यावर चाक-ब्रेक वगळून ३०० किलो वजन असेल आणि ६ किलो/मिमीची (१ मिमी दबायला ६ किलो लागणारी) स्प्रिंग असेल, तर ती ५० मिमी दबते. म्हणजे चाक खड्ड्यात उतरायला ५० मिमी मोकळीक मिळते. रिंगने १० मिमी प्रीलोड दिला, म्हणजे स्प्रिंग आधीच तेवढी दाबून ठेवली, की गाडी १० मिमी वर येते आणि खालची मोकळीक ४० मिमीवर येते. स्प्रिंग याने कडक होत नाही. सरळ दराची स्प्रिंग प्रीलोड कितीही दिला तरी ६ किलो/मिमीच राहते. कडक वाटतं ते चाक खाली उतरून रस्त्याला धरू शकत नाही म्हणून. स्प्रिंग हाताने हलणार नाही इतपत, म्हणजे शून्य ते ५ मिमी प्रीलोड ठेवावा आणि उंची तळाच्या ब्रॅकेटनेच बदलावी.

स्प्रिंगच्या दराकडे खरेदीआधी नीट बघा, कारण पुढे ती बदलली तर शॉकचं व्हॉल्व्हिंगही बदलावं लागतं. गाडी किती वेगाने डोलेल हे स्प्रिंग आणि वजन मिळून ठरवतात. वरच्याच ३०० किलोच्या कोपऱ्यावर चाकाशी ३० न्यूटन/मिमी दर मिळाला तर वारंवारता साधारण १.६ हर्ट्झ (सेकंदाला १.६ डोल) येते. रोजच्या रस्त्यावर चपळ पण सुसह्य गाडीसाठी हा आकडा छान आहे. कंपनीतून आलेल्या साध्या गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असतात. तिथेच ६ किलो/मिमी, म्हणजे जवळजवळ ५९ न्यूटन/मिमीची स्प्रिंग स्ट्रटवर (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असणाऱ्या खांबावर) लावली तर आकडा २.२ च्या पुढे जातो, ८ किलोला २.५ ओलांडतो. हलक्या हॅचबॅकवर ८ किलोची स्प्रिंग ट्रॅकवर शोभते. खडबडीत रस्त्यावर ती चाकाला उसळायला लावते आणि पकड उलट कमी होते.

पुढच्या-मागच्या स्प्रिंगची थेट तुलनाही करू नका. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये स्प्रिंग चाकाच्या जवळजवळ बरोबरीने हलते. मागे आर्मवर आतल्या बाजूला बसवलेली स्प्रिंग चाकापेक्षा कमी हलते, आणि तो फरक वर्गाने मोजावा लागतो. चाक १० मिमी हलल्यावर स्प्रिंग ७ मिमी दबत असेल तर १० किलोच्या स्प्रिंगचे चाकाशी ४.९ किलोच उरतात. ‘पुढे ६, मागे १०, म्हणजे मागून दगड’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकतो. टॉर्शन बीमच्या (मागची दोन्ही चाकं एका पिळदार आडव्या दांडीने जोडलेल्या) गाडीत तर मागे खरा कॉइलओव्हर नसतोच. शॉक वेगळा, स्प्रिंग वेगळी, आणि स्प्रिंगखाली उंचीचा आटेदार ठोकळा. तसा संच आला म्हणून फसवणूक झाली असं समजू नये, त्या गाडीची रचनाच तशी आहे.

आता टप्पे, म्हणजे क्लिक. केडब्ल्यूच्या व्हेरिएंट १ मध्ये डॅम्पिंग (शॉकची हालचाल आवरण्याचा जोर) कायमचं ठरलेलं, २ मध्ये रिबाउंड (शॉक परत लांब होतानाचं डॅम्पिंग) बदलता येतो, ३ मध्ये रिबाउंड आणि कम्प्रेशन (दबतानाचं डॅम्पिंग) दोन्ही वेगवेगळे. बी१४ ला नॉबच नाही, बी१६ ला १० टप्पे. फ्लेक्स झेडला १६, बीसीच्या बीआरला ३०. जास्त क्लिक म्हणजे चांगला शॉक, असं समीकरण मांडणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. एकाच नॉबच्या संचात आतली सुई तेलाची एक वाट उघडते-मिटते. परिणाम मुख्यतः रिबाउंडवर होतो आणि कम्प्रेशन थोडं मागोमाग बदलतं. सुई बंद होण्याच्या जवळ असते तेव्हा एकेका क्लिकचा फरक जाणवतो, उघड्या टोकाकडचे कित्येक क्लिक जवळजवळ सारखेच लागतात. जो फक्त रस्त्यावर चालवणार आहे त्याने गाडीच्या वजनाला जुळवून आणलेला बिननॉबचा संच घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. स्प्रिंगशी न जुळणारा ३० क्लिकचा शॉक कुठल्याही क्लिकवर बरा होत नाही.

रचनेतला फरकही पैशाइतकाच महत्त्वाचा. ट्विन-ट्यूबमध्ये तेल आणि गॅस एकाच जागेत असतात, गॅसचा दाब कमी, चाल मऊ. खूप वेळ जोरात काम पडलं की तेलात फेस होऊन डॅम्पिंग ढिलं पडू शकतं. मोनोट्यूबमध्ये तरंगता पिस्टन गॅस वेगळा ठेवतो, दाब बराच जास्त असतो, उष्णताही सरळ बाहेरच्या नळीतून निघून जाते. पण त्या नळीला दगडाने पोचा पडला की पिस्टन तिथेच अडतो. फ्लेक्स झेड सीलबंद आहे. तो उघडून दुरुस्त करायचा नसतो, नग बदलायचा असतो. दुरुस्त होणारा संच घेणार असाल तर सील, तेल आणि गॅस भरून देणारं माणूस आसपास आहे ना, हे आधी बघा. नसेल तर त्या सोयीचे जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही.

बसवणं

सपाट जागी, टायरची हवा बरोबर करून, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की ते माप निरुपयोगी होतं. आदल्या दिवशी गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नाही. ब्रेक होज आणि एबीएसची वायर स्ट्रटच्या ब्रॅकेटमधून आधी सोडवा. लिंक रॉडचा (स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या दांडीचा) नट काढताना स्टड ॲलन कीने धरा, नाहीतर दोन्ही एकत्र फिरत राहतात. नकलचे (हब धरणाऱ्या भागाचे) बोल्ट निघाल्यावर हब बाहेरच्या बाजूला लोंबू देऊ नका. ॲक्सलचा आतला जॉइंट सुटतो आणि दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं.

जुना टॉप माउंट (शॉकला वर गाडीशी जोडणारा भाग) पुन्हा वापरायचा असेल तर स्प्रिंग कम्प्रेसर लागेल, आणि त्याच वेळी माउंटचं रबर आणि बेअरिंग नवं टाकावं. शॉकच्या दांड्यावरच्या नटाला इम्पॅक्ट गन कधीही लावू नये. दांडा गरगर फिरतो, सीलला इजा होते आणि आतला पिस्टनचा नट ढिला होऊ शकतो. दांडा ॲलन कीने धरून हाताच्या पान्याने आवळा, शेवटचा टॉर्क पुस्तिकेप्रमाणे द्या. तळाच्या ब्रॅकेटच्या संचात बॉडीचे आटे निर्मात्याच्या किमान खुणेपर्यंत आत गेलेच पाहिजेत. उंची हवी म्हणून ती खूण ओलांडणं म्हणजे चाक चार आट्यांवर टांगणं.

सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते बुशांचं, म्हणजे जोडांमधल्या रबरांचं. लोअर आर्मचे आतले बोल्ट आणि मागच्या शॉकचे खालचे बोल्ट चाकं लोंबत असताना आवळले, तर रबर त्याच स्थितीत चिकटतं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, चाल ताठर होते, उंची चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतं. हे बोल्ट आधी फक्त टेकवा, चाकांवर गाडीचं पूर्ण वजन आणा आणि मग टॉर्क द्या. ‘संच फार कडक आहे’ अशी तक्रार आली की पहिली तपासणी हीच करावी.

मग काही दिवस गाडी चालवू द्या, स्प्रिंगा बसल्या की पुन्हा मोजा, आणि त्यानंतरच अलाइनमेंट करा. उंची बदलली की कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असणं) दोन्ही बदलतात. रस्त्यासाठी पुढे उणे १ ते दीड अंश कॅम्बर पुरतो. टायर जास्त खातो तो चुकलेला टो. कॅम्बरला उगाच दोष दिला जातो. हेडलाइटची दिशाही बघा. काचेमागे कॅमेरा असणाऱ्या गाडीत कॅलिब्रेशनची गरज पुस्तिकेत तपासा.

किती खाली घ्यावी? बहुतेक स्ट्रटच्या गाड्यांना २० ते ३० मिमी पुरे. त्यापुढे लोअर आर्म चाकाकडे वर चढू लागतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं. गाडी बुटकी होते पण वळणावर कलण्याचा जोर वाढतो, आणि तो आवरायला आणखी कडक स्प्रिंग लागते. टाय रॉडचा (स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या दांडीचा) कोनही बिघडतो, मग खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं. ॲक्सलचे जॉइंट तिरके चालतात. लांब बॉल जॉइंट लावून यातलं काही सुधारता येतं, पण त्या वाटेला लागण्याऐवजी १० मिमी वर राहणं शहाणपणाचं.

डॅम्पिंग लावताना नॉब घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा, जोर देऊ नका, सुईची बैठक खराब होते. तिथून उलटे क्लिक मोजा. मधल्या टप्प्यावरून सुरुवात करा आणि एका वेळी गाडीच्या एकाच टोकाचे, पुढचे किंवा मागचे, दोन-दोन क्लिक बदला. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी एकदा वर येऊन दुसऱ्यांदा डुलली तर रिबाउंड कमी आहे. एकामागोमाग उंचवट्यांवर ती हळूहळू खाली बसत गेली तर रिबाउंड जास्त आहे, चाकाला परत उतरायला वेळ मिळत नाही. हा दुसरा दोष कडकपणासारखा भासतो आणि लोक स्प्रिंगला नावं ठेवतात. दांड्यावर एक केबल टाय बांधून ठेवा, फेरी मारून आल्यावर शॉक किती आत गेला ते कळतं. टाय रोज बम्पस्टॉपमध्ये घुसलेला सापडला तर गाडी वर घ्या. बम्पस्टॉप कापू नका.

चारही कोपऱ्यांचा तराजू मिळाला तर ड्रायव्हरच्या जागी त्याच्याइतकं वजन ठेवून आणि स्टॅबिलायझरची लिंक सोडवून मोजा. एक कोपरा वर घेतला की त्याच्यावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यावर वजन वाढतं. तिरक्या जोड्यांची बेरीज निम्मी-निम्मी आली की गाडी दोन्ही बाजूंना सारखी वळते. मडगार्डची उंची डावी-उजवीकडे ३-४ मिमी वेगळी दिसली तरी चालेल.

आवाजांचं निदान

स्टिअरिंग फिरवताना ‘टंग’ असा आवाज म्हणजे स्प्रिंग बैठकीत अडकून सुटतेय, वरचं बेअरिंग नाही किंवा जाम आहे. छोट्या खड्ड्यांवर खटखट म्हणजे बहुधा लिंक रॉड. गाडी खाली आल्यावर मूळची लिंक लांब पडते आणि स्ट्रटला किंवा आर्मला आपटते, आखूड लिंक लावा. ती ठीक असेल तर वरचा नट आणि लॉक रिंग बघा. पिलोबॉल, म्हणजे धातूच्या गोल जॉइंटच्या टॉप माउंटला रबर नसल्याने रस्त्याचा प्रत्येक कण केबिनमध्ये ऐकू येतो, आणि धूळ-पाण्याने तो झिजला की खुळखुळतो. रोजच्या गाडीला रबर माउंटचा संच मिळत असेल तर तोच घ्यावा. दांड्यावर तेलाचा पुसट थर चालतो. बॉडीवरून ओघळ आला तर सील गेलं.

आट्यांची काळजी घेतली नाही तर ‘ॲडजस्टेबल’ हा शब्द पहिल्या पावसाळ्यानंतरच खोटा ठरतो. रिंग फिरवण्याआधी नायलॉनच्या ब्रशने चिखल काढा, पाण्याने धुवा, वाळवा आणि मगच हुक पाना लावा. वाळू अडकलेल्या ॲल्युमिनियमच्या रिंगवर जोर दिला की आटे सोलून निघतात. केडब्ल्यूच्या स्टेनलेस स्टील बॉडीचं मोल मिठाच्या आणि दमट रस्त्यांवर कळतं. लॉक रिंगही बेताने आवळा. हुक पान्यावर पाइप चढवून ताकद लावू नये.