बिलावर पैसे: रिकोर्स फॅक्टरिंग की ट्रेड्स?

वेर्ण्यातल्या औषध कंपनीला तुम्ही 10 लाखांची खोकी पुरवलीत, पैसे 60 दिवसांनी. फॅक्टर (म्हणजे न भरलेलं बिल घेऊन त्यावर आगाऊ पैसे देणारी संस्था) समजा 80 टक्के ॲडव्हान्स देतो: 8 लाख हातात, 2 लाख रिझर्व्ह म्हणजे राखून. 12 टक्के दराने व्याज साधारण 15,800, वर सेवाशुल्क. उरलेलं कंपनीने पैसे भरल्यावर. पण करारात ‘रिकोर्स’ असेल तर कंपनीने पैसे बुडवल्यास फॅक्टर ॲडव्हान्स तुमच्याकडूनच वसूल करतो. सही करण्याआधी तेवढं कलम तरी वाचाच.

ट्रेड्सवर (छोट्या उद्योगांच्या बिलांवर पैसे मिळवून देणारं ऑनलाइन व्यासपीठ, TReDS) रिकोर्स नाही. खरेदीदाराने बिल ‘ॲक्सेप्ट’ केलं की बँका बोली लावतात. 9 टक्के दर मिळाला तर 10 लाखांवर कपात सुमारे 14,800, बाकी खात्यात. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र हवीच.

घोडं अडतं ते ॲक्सेप्टन्सवर. बिलात 5,000 खोकी आणि गोदामाच्या पावतीवर 4,940, की बिल लटकलं. म्हणून आधी पावतीशी आकडे जुळवा, मग बिल ट्रेड्सवर चढवा.

250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे. कळंगुटचं छोटं हॉटेल तिथे बहुधा नसणारच. त्याच्या बिलावर फॅक्टरिंग, तेही कोणी तयार झाला तर.