गुलमर्गमध्ये एक दिवस स्की टूरिंग : गाइड उत्तम, भाड्याचं साहित्य सुमार

आधी पैसे सांगते, कारण असं काही वाचताना मलाही तेच आधी हवं असतं. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्ग गावातल्या स्थानिक गाइडचे दिवसाचे १०,००० रुपये, माझे आणि भाच्याचे मिळून. स्की, बूट, स्किन्स, काठ्या आणि हिमस्खलनाच्या साहित्याचं भाडं वेगळं, माणशी ३,५००. गंडोल्याचं, म्हणजे केबल कारचं, तिकीट शून्य, कारण गंडोल्यात बसायचंच नव्हतं. हे आमच्या हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलाला शेवटपर्यंत पटलं नाही. "मॅडम, ऊपर जाने के लिए गंडोला है ना?"

आहे. पण स्की टूरिंगमध्ये चढायचं आपणच असतं. स्कीच्या तळाला स्किन नावाची लांब पट्टी चिकटवायची. तिला एका अंगाला गोंद, दुसऱ्या अंगाला मागे झुकलेले आखूड केस, त्यामुळे स्की पुढे सरकते पण उतारावर मागे घसरत नाही. बुटाचा पुढचा भाग बाइंडिंगमध्ये, म्हणजे स्कीवरच्या खटक्यात, अडकलेला, टाच मोकळी. वर पोचलं की पट्टी सोलायची, टाच अडकवायची आणि खाली यायचं. पूर्वी या पट्ट्या खरोखरच सीलच्या कातड्याच्या असत, आता मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांच्या, नाहीतर नायलॉनच्या असतात.

गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर. गंडोल्याचा पहिला टप्पा तिथून चारेकशे मीटर वर कोंगडोरीला नेतो, दुसरा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही पुढे. मला मनातून अफरवट हवं होतं, खोटं कशाला बोलू. गाइडने आदल्या संध्याकाळीच फोनवर सांगितलं, दोन दिवस बर्फ पडलाय, वर वारा होता, वाऱ्याने घळींच्या तोंडाशी बर्फ साठवलाय, आपण जंगलातून कोंगडोरीच्या उंचीपर्यंत चढू, पुढे भूर्जाची झाडं लागतात तिथवर, आणि झाडांतूनच उतरू. पैसे तेवढेच. गिऱ्हाइकाला आवडेल ते बोलून आगाऊ रक्कम घेणारा माणूस हा नव्हे, एवढं तेव्हाच कळलं.

सकाळी आठला मैदानात भेटलो आणि पुढचा पाऊण तास एकही पाऊल चढलो नाही. मी दंतवैद्य आहे. रोग्याला हात लावण्याआधी कोण काय तपासतं यावरून मी माणूस ओळखते, म्हणून या पाऊण तासाबद्दल जरा सविस्तर लिहिते. प्रत्येकाच्या अंगावर बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडला गेलात तर तुमचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र. ते जॅकेटच्या आत, पट्ट्याने बांधून, पाठपिशवीत नाही. मोबाइल त्याच्यापासून लांब, कारण मोबाइलमुळे बीकनच्या खुणा गडबडतात. माझा फोन छातीच्या खिशात होता, तो गाइडने पिशवीच्या तळाशी घालायला लावला. फोटो काढायचा तर थांबून, विचारून. मग त्याने एक बीकन मैदानातल्या बर्फात पुरलं आणि आम्हाला शोधायला लावलं. बाण दिसतो त्या दिशेने जायचं, आकडा कमी होत जातो, शेवटी यंत्र बर्फालगत धरून सर्वांत लहान आकडा शोधायचा, तिथे प्रोब, म्हणजे लांब सळई, खुपसायची, मग फावडं. फावडं चालवताना खड्ड्याच्या काठावर उभं राहून उकरायचं नाही, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरत जायचं. भाचा पहिल्यांदा भलतीकडेच गेला. "मावशी, मी तुला शोधणार आहे, हे लक्षात ठेव," असं वर मलाच. गाइड हसला नाही. पुन्हा पुरलं, पुन्हा शोधायला लावलं. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि बाहेरून मदत यायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणजे जे करायचं ते सोबतच्यांनीच.

याला फाजील काळजी म्हणणाऱ्यांसाठी : फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. गंडोल्याच्या आसपासच्या ठरावीक भागावर गस्तीपथकाचं लक्ष असतं. त्यापलीकडे डोंगर डोंगरासारखाच आहे.

चढाईचं सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी फारसं दडपण घेऊ नये. उंचीचा हिशेब केला तर आतकरवाडीतून सिंहगड चढताना याहून जास्त चढावं लागतं. हवा विरळ आहे, पाय उचलायचा नाही तर सरकवायचा आहे, हे अंगवळणी पडायला अर्धा तास. खरी परीक्षा वळणांची. चढ तीव्र झाला की नागमोडी जायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक स्की उचलून उलट दिशेला वळवायची, मग दुसरी. माझी दुसरी स्की दर वेळी पहिलीवर चढायची. गाइडने खाली उभं राहून माझ्या काठ्या कुठे रोवायच्या ते दाखवलं, आणि टाच बुडाकडे झटकली की स्कीचं टोक आपोआप वर येतं ही युक्ती सांगितली. तेवढ्यावर काम भागलं. घामाचं मात्र लक्षात ठेवा. मी निघताना कुडकुडत होते म्हणून दोन थर चढवले, तर त्याने एक काढायला लावला. "ठंड लग रही है तो सही है." वीस मिनिटांत त्याचं म्हणणं पटलं. सुती बनियन घालून येऊ नका, ओला झाला की वाळत नाही.

आता तक्रार. भाड्याच्या दुकानाचं नाव लिहीत नाही, पण तिथलं साहित्य बघून माझ्यातली दंतवैद्य चिडली. स्कीच्या कडांवर गंज. स्किन्सच्या गोंदात देवदाराच्या काड्या आणि कुणाच्या तरी लोकरीच्या मोज्याचे धागे. व्हायचं तेच झालं, कोंगडोरीच्या अलीकडे भाच्याची उजवी स्किन शेपटाकडून सुटली, आत बर्फ गेला, मग ती काही केल्या चिकटेना. गाइडने बर्फ खरवडला, पट्टी स्वतःच्या जॅकेटच्या आत पोटाशी धरून ऊब दिली आणि वर चिकटपट्टीचे तीन वेढे मारले. चिकटपट्टी त्याने स्वतःच्या काठीवरच गुंडाळून ठेवलेली होती, म्हणजे हे त्याच्यासाठी रोजचंच. बुटांचं तर विचारू नका. माझ्या मापाचे टूरिंगचे बूट दुकानात नव्हतेच, एक माप मोठे घेऊन जाड मोजे घालावे लागले. चढताना चाललं, उतरताना टाच आत उचलली जात होती. एवढ्या भाड्यात हे बसत नाही.

जेवण गाइडने आणलं होतं, पैशांत धरलेलं. गिरदा रोटी, उकडलेली अंडी, अक्रोड आणि थर्मासमध्ये नून चहा. गुलाबी, खारट, लोणी तरंगणारा. भाच्याने एका घोटावर थांबवला, मी त्याचाही प्यायले. घाम गाळल्यावर खारट चहासारखं दुसरं काही नाही. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा, पनीर मिळतं म्हणाला. भूर्जाच्या खोडांवरच्या साली कागदासारख्या सुटून वाऱ्यात फडफडत होत्या. पलीकडे ढग, त्यामुळे नंगा पर्वत दिसला नाही.

उतरणं किती वेळ? अडीच तास चढलेलं अर्ध्या तासात संपलं, तेही मी तीनदा पडून. ज्यांना भरपूर स्कीइंग हवंय त्यांनी गंडोल्याचेच पैसे भरावेत, इथे निराश व्हाल. पण तो अर्धा तास गुडघाभर भुसभुशीत बर्फात, कुणाच्याही खुणा नसलेल्या जागी मिळतो. वाटेत एक उघडी घळ आडवी आली. रुंदी जेमतेम रस्त्याएवढी. गाइडने उतार मोजला, तीस अंशांच्या जवळपास होता, आणि एकेकाला ओलांडायला लावलं. बाकीचे झाडांत उभे, डोळे ओलांडणाऱ्यावर. फरच्या घनदाट झाडांच्या बुंध्यांपासून लांब राहायलाही बजावलं, तिथे फांद्यांखाली पोकळी असते आणि माणूस डोक्यावर आत जाऊ शकतो.

कुणी करावं? ज्याला सुटसुटीत वळणं घेत, हवं तिथे थांबत उतरता येतं त्याने. मी गुलमर्गच्याच भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत शिकले होते, तेवढं पुरलं, पण जेमतेम. नवशिक्यांनी आधी मैदानातल्या उतारावर हात बसवावा. हंगामाचं म्हणाल तर जानेवारीवर भिस्त ठेवू नका : जानेवारी २०२४ गुलमर्गला जवळपास कोरडा गेला, आणि २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. फेब्रुवारीचा मधला पंधरवडा धरा आणि एक-दोन दिवस हाताशी मोकळे ठेवा.

गाइडला पाचपैकी पाच, साहित्याला दीड. पुढच्या वेळी स्किन्स आणि बूट मी पुण्याहून कुणाचे तरी उसने आणीन. आणि हो, महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. गाइडशी आदल्या संध्याकाळी बोलायचं तर पोस्टपेड लागतं.