एलबीबीबीतला अटॅक ओळखायचा कसा: जुने गुण की गुणोत्तर?

धडगाव-अक्कलकुव्याकडे छातीत दुखणारा पेशंट आला, ईसीजीत एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतमार्गातला अडथळा, यात अटॅकच्या नेहमीच्या खुणा झाकल्या जातात) निघाला आणि जुना ईसीजी हाताशी नाही. टेनेक्टेप्लेस (गुठळी विरघळवणारं इंजेक्शन) द्यायचं का? घाट उतरून धुळ्याची कॅथ लॅब (अँजिओप्लास्टीची सोय) गाठेपर्यंत वेळ जातो, म्हणून उत्तर त्या ईसीजीच्या पट्टीतूनच काढावं लागतं. त्यासाठी १९९६चे स्गार्बोसाचे गुण आहेत आणि २०१२चा स्मिथ यांनी सुधारलेला नियम.

पहिले दोन निकष दोन्हींकडे तेच. क्यूआरएस (ठोक्याची मोठी टोकदार लहर) वर असलेल्या लिडमध्ये (ईसीजीतल्या एका जोडणीच्या नोंदीत) एसटीही (त्या लहरीनंतरचा भाग) १ मिमी वर, किंवा व्ही१ ते व्ही३ या छातीच्या लिडमध्ये एसटी १ मिमी खाली. यातला एक दिसला तरी वाद मिटला.

फरक तिसऱ्यात. क्यूआरएस खाली आणि एसटी ५ मिमी वर असेल तर जुना तक्ता २ गुण देतो. निदानाला ३ लागतात, म्हणजे हा निकष एकट्याने कधीच पुरत नाही. सुधारित नियमात एसटीच्या उंचीला एसच्या (क्यूआरएसमधल्या खाली जाणाऱ्या टोकाच्या) खोलीने भागायचं. एसटी किमान १ मिमी वर आणि भागाकार ०.२५ किंवा जास्त, तर एक लिडही पुरते. दोन्ही मापं क्यूआरएस सुरू होते त्या पातळीपासून घ्यायची, एसटी जे पॉइंटला, म्हणजे क्यूआरएस संपते तिथे.

मला खरा जाच वाटतो तो त्या ठरावीक ५ मिमीचा. व्ही३मध्ये एस ३८ आणि एसटी ६ मिमी: जुन्या तक्त्यात २ गुण आणि डोक्यात शंका, भागाकार मात्र ०.१६, एलबीबीबीत नेहमी दिसतो तेवढाच. व्ही२मध्ये एस ९, एसटी ३: जुना तक्ता गप्प, भागाकार ०.३३. त्यात ऑटो गेन (मशीनने आपोआप माप बदलणं) चालू असला की एस खोल गेल्यावर मशीन छातीच्या लिड निम्म्या मापात छापतं. कॅलिब्रेशनची चौकट (पट्टीवर छापलेली मापाची खूण) १०ऐवजी ५ मिमी दिसते आणि खरे ६ मिमी कागदावर ३ होतात. घाईत हे सुटतं. भागाकाराला फरक पडत नाही, कारण दोन्ही मापं निम्मी होतात. १ मिमीचे निकष तेवढे अशा वेळी अर्धा मिमी धरायचे.

जुना तक्ता टाकाऊ नाही. ३ गुण भरले तर तो सहसा फसवत नाही. उलट नाडी फार जलद असेल किंवा फुप्फुसात पाणी असेल, तर भागाकार खोटा वाढू शकतो. नाडी उतरल्यावर पट्टी पुन्हा काढावी. दोन्ही निगेटिव्ह आले तरी अटॅक नाही असं धरू नये. दुखणं चालूच असेल तर १५ मिनिटांनी परत ईसीजी.

तरीही कॅज्युअल्टीच्या भिंतीवर एकच लावायचं, तर मी गुणोत्तर लावीन. धुळ्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना कॅलिब्रेशनची चौकट फोटोत येऊ द्या, आणि कडेला लिडचं नाव, एस आणि एसटी पेनाने लिहा.