दहा महिने, एक डबा आणि घुमणारा सा

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी फिशमनचा लाउडबॉक्स मिनी घेतला, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा छोटा अँप, आमच्या भाषेत डबा. तेव्हापासून वीस-बावीस कार्यक्रम झाले असतील. सोसायट्यांचे हॉल, दोन कॅफे, एक दिवाळी पहाट, कोजागिरीची गच्ची आणि बाकी सगळे ओळखीच्यांचे दिवाणखाने. मी गिटारवर साथ करतो, वहिनी भावगीतं आणि गझला गातात, शेजारी तबला. समोर तीस ते ऐंशी माणसं. मैदान गाजवायचं असेल त्यांनी पुढचं वाचायची तसदी घेऊ नये.

घेताना माझं सगळं लक्ष वॉटवर होतं. 60 वॉट पुरतील का, मोठाच घ्यावा का, यात दोन रविवार घालवले. आज पाहतो तर आवाजाचं बटण अर्ध्याच्या पुढे एकदाही गेलेलं नाही. तबल्याला माइक नसला की तबलाच पातळी ठरवतो, गिटारने त्याच्या जरा खालीच बसायचं असतं. त्याहून मोठं वाजवलं की वहिनी मान वळवून बघतात, आणि ते बघणं मला पुरतं.

खरा त्रास निघाला तो भलत्याच ठिकाणी. पहिल्याच कार्यक्रमात दर चार ओळींनी डबा 'घुंऽऽ' करायला लागला. मी आवाज कमी केला, तरी तेच. गंमत म्हणजे इतर सूर ठीक होते, नेमका सा घुमायचा. घरी येऊन हिशोब केला तेव्हा उलगडलं. वहिनींची पट्टी काळी चार. मी पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावून जी कॉर्डच्या आकारात वाजवतो, म्हणजे सहाव्या तारेवरचा खालचा सा साधारण 104 हर्ट्झवर येतो. आणि माझ्यासारख्या मोठ्या अंगाच्या ड्रेडनॉट गिटारच्या पोटातली हवा मुळातच 100 हर्ट्झच्या आसपास घुमते. सुरईच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकाच सुरात बोलते, तसंच. डब्यातून सा बाहेर पडतो, गिटारचं पोट तो उचलून धरतं, पिकअप, म्हणजे गिटारमधला आवाज टिपणारा भाग, तो परत डब्यात पाठवतो आणि फेरा सुरू. त्यात मी डबा माझ्या पाठीमागे, कोपऱ्यात, जमिनीवर ठेवला होता. कोपरा आणि जमीन दोन्ही खर्ज वाढवतात, त्यामुळे राहिलेली कसर भरून निघाली.

आता डबा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर असतो, माझ्या उजवीकडे, माझ्यापेक्षा हातभर पुढे. खर्जाचं बटण घड्याळातल्या दहाच्या काट्यावर, म्हणजे मध्याच्या जरा खाली. तरी हॉल बदलला की कधी कधी घुमायला लागतं, तेव्हा फेजचं छोटं बटण दाबतो. डब्यातून येणारा आवाज आणि तारेचं कंपन एकमेकांना रेटत असतील तर त्याने डब्याचा आवाज उलटा होतो, आणि दहातल्या सहा वेळा घुमणं जागच्या जागी थांबतं. उरलेल्या चार वेळा गिटारच्या भोकात रबरी झाकण बसवतो. दिसायला ते अगदी बेसिनच्या बुचासारखं दिसतं, एका काकांनी मध्यंतरात विचारलंही, पण काम करतं.

आवाजाच्या जातीबद्दल. साडेसहा इंची स्पीकर आणि वर उंच सुरांसाठी एक इंचाचा ट्वीटर एवढाच संसार, पण बोटांनी वाजवलेलं सुरेख येतं. जोरात स्ट्रमिंग केलं की जो कचकचीत, कंगव्यावरून नख फिरवल्यासारखा आवाज येतो, त्याचा दोष डब्याला देऊ नका. तो ब्रिजच्या हाडाखाली बसवलेल्या, तारांचा दाब टिपणाऱ्या पिएझो पिकअपचा स्वभाव आहे. हे मला कळायला चार महिने लागले. तोवर मी डबा विकायच्या गोष्टी करत होतो. मित्राची गिटार लावून पाहिली, तिला भोकात बसणारा मॅग्नेटिक पिकअप आहे, आणि त्याच डब्यातून गोल, थोडा इलेक्ट्रिककडे झुकणारा आवाज आला. मला तोही पूर्ण पटला नाही. शेवटी तिप्पट जरा उतरवली, पिकने वाजवणं कमी केलं आणि विषय संपवला.

तिप्पट म्हणजे ट्रेबल, आवाजातला उंच, टोकदार भाग. आमच्या साउंडवाल्याचा शब्द, आता तोंडात बसलाय.

डब्याच्या दुसऱ्या चॅनेलला माइक लागतो. मी उत्साहाने घरातला कंडेन्सर माइक नेला आणि ऐन वेळी मुका निघाला, कारण त्याला फँटम पॉवर, म्हणजे वायरीतूनच मिळणारी वीज, लागते आणि मिनीत ती नाही. हे माहितीपत्रकात लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून अशी वीज न लागणारा साधा शुअरचा एसएम 58 माइक. वहिनींना तोच आवडतो, कारण तो हातात धरता येतो.

मला सर्वांत जास्त उपयोगी पडलं ते मागचं डीआय आउटपुट, म्हणजे डब्यातला आवाज थेट मिक्सरला देणारी जोडणी. हॉलमध्ये मोठे स्पीकर असले की तिथून एक्सएलआर (माइकची तीन पिनांची) वायर थेट मिक्सरला जाते, डबा फक्त मला स्वतःला ऐकू येण्यासाठीचा मॉनिटर होतो आणि साउंडवाल्याशी वाद घालावा लागत नाही. एकदा वायर जोडल्याबरोबर हमिंग सुरू झालं होतं. डबा एका भिंतीच्या प्लगवर, मिक्सर दुसऱ्या. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतले आणि गप्प झालं.

दिवाळी पहाटेची फजिती मात्र पूर्ण माझी. आदल्या रात्री सराव झाल्यावर गिटारमधून केबल काढलीच नाही. जॅक आत असेपर्यंत गिटारमधला प्रीअँप, म्हणजे पिकअपचा आवाज वाढवणारं छोटं सर्किट, चालू राहतो, सकाळपर्यंत नऊ व्होल्टची बॅटरी संपली. त्या वेळी दुकान कुठलं उघडं असणार! कुणाच्या तरी घरातल्या धुराच्या अलार्ममधून बॅटरी काढून आणली. आता गिटारच्या खोक्यात दोन जास्तीच्या असतात.

डब्याचं वजन नऊ किलोच्या आसपास. स्कूटरच्या पायाजवळ बसतो, पण लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जाणवतो. बॅटरीवर चालणारा हवा असेल तर याच मालिकेत चार्ज नावाचा आहे, किंवा रोलँडचा एसी 33, जो आठ पेन्सिल सेलवर चालतो आणि वजनाला जवळपास निम्मा आहे. मित्राचा वाजवलाय. दिवाणखान्यात छान, ऐंशी माणसांत आणि तबल्यापुढे धाप लागते.

कोजागिरीला बॅटरीची उणीव भासेल असं वाटलं होतं, पण गच्चीवर टाकीजवळ प्लग निघाला. उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही, म्हणून दहाला डबा बंद केला. तीन गाणी उरली होती. ती नुसत्या गिटारवर झाली; मागच्यांनी दुधाचे पेले हातात घेऊन खुर्च्या पुढे ओढल्या आणि तबलजींनी न सांगता हात हलका केला.